लागला की मारला?

गेल्या वर्षी जुलैमधल्या एका बेसबॉल सामन्यात आमच्या संघाच्या बॅटरला खांद्याखाली, पाठीवर चेंडू लागला. मी तो सामना घरी, आमच्याच संघाच्या वाहिनीवर पाहत होतो. मैदानातल्या मायक्रोफोनने तो आवाज नीट टिपला होता. धुण्याचा ओला पिळा दगडावर आपटावा तसा तो असतो. पुढच्याच क्षणी आमचे समालोचक म्हणाले, की यात योगायोग वगैरे काही नाही, मागच्या खेपेला याने होमरन, म्हणजे बेसबॉलमधला षटकार, मारला होता आणि ही त्याची परतफेड आहे. मला ते पटले. पटले तरी कसे म्हणावे, त्यांनी बोलायच्या आत मीच सोफ्यावरून अर्धा उठून तेच ओरडलो होतो.

दुसऱ्या रात्री झोप येत नव्हती म्हणून तोच सामना संगणकावर पुन्हा लावला. वार्षिक वर्गणी भरली की झालेल्या सामन्यांची रेकॉर्डिंग पाहता येतात आणि बहुतेक सामन्यांना दोन समालोचने असतात, एक यजमानांचे आणि एक पाहुण्यांचे. (आपल्याच गावच्या संघाचा सामना चालू असताना मात्र तो तिथे दिसत नाही, पैसे भरून हा जाच का सोसायचा, हा वेगळा विषय आहे.) या वेळी मी मुद्दाम प्रतिस्पर्ध्यांचे समालोचन निवडले. तोच चेंडू, तोच पिळ्याचा आवाज, आणि समालोचक हळहळून सांगत होते की दमट हवेत घामाने बोटे ओली होतात, चेंडूवर पकड राहत नाही, बिचाऱ्या पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, हातून निसटला. दोन इनिंगनंतर (सामन्यात अशा नऊ असतात) आमच्या पिचरचा चेंडू त्यांच्या बॅटरच्या कोपराला लागला. आता दोन्हीकडच्या मंडळींनी आपापली वाक्ये एकमेकांना देऊन टाकली. आमच्याकडे घाम आला, दमट हवा आली, शिवाय ‘तो प्लेटवर किती ओणवा उभा राहतो बघा’ हेही आले. (प्लेट म्हणजे बॅटरपुढची जमिनीवरची पाटी.) त्यांच्याकडे सूड आला.

मराठीत या सगळ्या प्रकाराला दोन क्रियापदे पुरतात. चेंडू ‘लागला’ म्हटले की करणारा नाहीसा होतो; दार लागते, ठेच लागते, उचकी लागते, तसा चेंडू लागतो. चेंडू ‘मारला’ म्हटले की एक हात दिसू लागतो, त्या हातामागे डोके, त्या डोक्यात राग. बेसबॉलच्या समालोचनात पंचवीसेक वर्षे मी जे ऐकत आलो त्याचा हिशेब एवढाच आहे, की आमच्या माणसाला चेंडू मारतात आणि त्यांच्या माणसाला तो लागतो.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला इथे थोडे सांगायला हवे. बेसबॉलमध्ये चेंडूला टप्पा नसतो. पिचर ६० फूट ६ इंचांवरून, म्हणजे सुमारे १८.४ मीटरवरून, साधारण १४५ ग्रॅमचा चेंडू सरळ हवेतून फेकतो आणि आजकाल ताशी ९५ मैल, म्हणजे दीडशे किलोमीटरहून अधिक वेग ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. बॅटरपाशी अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ असतो आणि त्यातला बराचसा भाग हा चेंडू मारण्याजोगा आहे का, हे ओळखण्यातच जातो. तो आपल्याच अंगावर येतो आहे हे कळेपर्यंत मान वळवण्यापुरताच अवधी उरतो. क्रिकेटमध्ये अंगाला चेंडू लागला तर फार तर लेगबाय मिळते, तीही धावून काढावी लागते. बेसबॉलमध्ये बॅटरला थेट पहिला बेस, म्हणजे धाव पुरी करण्याच्या वाटेवरचे पहिले ठाणे, बहाल होतो. त्यामुळे तीच गोष्ट जखमही असते आणि कमाईही, आणि म्हणून संशय दोन्ही बाजूंनी घेता येतो. पिचरने मुद्दाम मारला असे म्हणता येते, तसेच बॅटरने मुद्दाम अंगावर घेतला असेही म्हणता येते. समालोचकासाठी ही केवढी सोय आहे! जर्सीचा रंग पाहायचा आणि दोहोंपैकी एक वाक्य उचलायचे.

हेतूचा हा वाद किती जुना आणि किती निरुपयोगी आहे ते रे चॅपमनच्या मृत्यूवरून कळते. १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर यांकीज संघाच्या कार्ल मेजचा चेंडू क्लीव्हलंडच्या चॅपमनच्या डोक्यात बसला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीच्या, सामन्यात पिचरच्या चेंडूने जीव गेलेला तो एकच खेळाडू. मेज हा आधीच कोणाला फारसा न आवडणारा माणूस होता, आणि त्याने मुद्दाम मारला की नाही यावर पुढे त्याच्या हयातभर लोक भांडत राहिले. दोनशेहून अधिक सामने जिंकूनही तो हॉल ऑफ फेममध्ये, थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, पोचला नाही. या भांडणात जी गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती ती मागे पडली. त्या काळी एकच चेंडू तंबाखूच्या थुंकीने आणि मातीने काळाकुट्ट होईपर्यंत वापरत, आणि कलत्या उजेडात तो येताना दिसणेच कठीण होते. चॅपमनने तो चुकवण्यासाठी अंग हलवल्याचेही पाहणाऱ्यांना आठवत नव्हते. पुढे मळके चेंडू बदलण्याची सक्ती आली. हेल्मेट सक्तीचे व्हायला मात्र १९७१ साल उजाडावे लागले. पन्नास वर्षे लोक मेजच्या मनात काय होते ते शोधत बसले आणि चॅपमनच्या डोक्यावर काय नव्हते तिकडे कोणी नीट पाहिले नाही.

मी १९९८ साली पुण्याहून शिकागोला आलो आणि दोन वर्षांत व्हाइट सॉक्सचा झालो. शिकागोत दोन संघ आहेत. उत्तरेकडच्या कब्जचे चाहते जगभर असतात, तर दक्षिणेकडच्या सॉक्सला शहरातही थोडे दुय्यम समजतात. तिकिटे स्वस्त होती आणि माझ्या पहिल्या कचेरीतून रेड लाइनच्या गाडीने पस्तिसाव्या रस्त्यावरचे मैदान जवळ होते, एवढ्यावर माझी निष्ठा ठरली. बेसबॉल मला शिकवला तो मैदानाने कमी आणि टीव्हीवरच्या केन हॅरल्सन यांनी जास्त. ‘हॉक’ या टोपणनावाने ओळखले जाणारे हे गृहस्थ व्हाइट सॉक्सचे समालोचक होते आणि आपण निःपक्षपाती असल्याचा आव त्यांनी कधी आणला नाही. आमच्या संघाला ते ‘गुड गाइज’ म्हणत, म्हणजे सज्जन. मग समोरचे कोण, हे सांगायची गरज नव्हती. संघाची उघड बाजू घेणाऱ्या समालोचकाला अमेरिकेत ‘होमर’ म्हणतात, आणि हॅरल्सन हा त्या जातीचा मेरुमणी.

त्यांच्याविषयीची एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि तेव्हापासून ती मनातून जात नाही. १८ ऑगस्ट १९६७ रोजी बॉस्टनच्या फेनवे पार्कवर कॅलिफोर्निया एंजल्सच्या जॅक हॅमिल्टनचा चेंडू रेड सॉक्सच्या टोनी कॉनिग्लियारोच्या डाव्या गालावर बसला. टोनी बावीस वर्षांचा होता आणि त्या वयातच त्याच्या नावावर शंभरावर होमरन होते. गालाचे हाड मोडले, दृष्टिपटलाला इजा झाली, आणि पुढचा सगळा १९६८ चा हंगाम तो खेळू शकला नाही. पुढे परतला, १९७० मध्ये ३६ होमरनही मारले, पण डोळा पुरता सावरला नाही तो नाहीच. हॅमिल्टन कायम सांगत राहिला की मी मुद्दाम मारला नाही. त्या उन्हाळ्यात रेड सॉक्स अजिंक्यपदाच्या शर्यतीत होते, उजव्या मैदानात अचानक जागा रिकामी झाली आणि ती भरण्यासाठी त्यांनी ऑगस्ट संपता संपता एका खेळाडूला करारबद्ध केले. तो खेळाडू म्हणजे केन हॅरल्सन. पुढच्याच वर्षी त्याने अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे आपल्या फटक्यांवर १०९ धावा संघाला मिळवून दिल्या.

ज्या माणसाच्या नशिबाची दारे दुसऱ्याच्या मोडलेल्या गालाच्या हाडामुळे उघडली, ज्याने त्या रिकाम्या जागेत उभे राहून रोज खेळ केला, त्याला चेंडू लागणे म्हणजे काय असते हे इतर कोणाही समालोचकापेक्षा जास्त ठाऊक असणार. हॅरल्सन यांची चीड मला येते ती याच कारणाने. अडाणीपणा असता तर सोडून दिले असते.

३० मे २०१२ ची रात्र मला आठवते. फ्लोरिडात टॅम्पा बे रेजविरुद्ध सामना होता. आमचा कॅचर (म्हणजे आपल्याकडचा यष्टिरक्षक) ए. जे. पियरझिन्स्की याला आधी चेंडू लागला होता. मग आमच्या होझे क्विंटाना या नवख्या पिचरचा चेंडू रेजच्या बेन झोब्रिस्टच्या पाठीमागून गेला. लागला नाही; पण बॅटरच्या पाठीमागून जाणारा चेंडू हा लागण्यापेक्षाही जास्त बोलका असतो, कारण माणूस स्वाभाविकपणे मागे सरतो आणि त्याच जागी तो येतो. अंपायरने क्विंटानाला तिथल्या तिथे मैदानाबाहेर काढले. हॅरल्सन यांचा तोल गेला. त्यांनी अंपायरचे नाव घेऊन, तू करतोस तरी काय, अशा शब्दांत थेट प्रक्षेपणात त्याची झाडाझडती घेतली आणि पुढेही तो विषय सोडला नाही. प्रकरण इतके गाजले की लीगचे आयुक्त बड सेलिग यांना त्यांच्याशी बोलावे लागले.

त्या रात्री मी त्यांच्याबरोबर ओरडत होतो, हे लपवून उपयोग नाही. हेतू मुद्दाम वाटला तर ताकीद न देताही पिचरला बाहेर काढण्याचा अधिकार नियम अंपायरला देतात. तो त्याने घाईने वापरला असेल, तशी तक्रार करायला जागा होती. खटकले ते वेगळेच, आणि तेही दोन दिवसांनी, राग ओसरल्यावर. झोब्रिस्टचे काय झाले असते, याविषयी एक अवाक्षर माझ्या घरात, माझ्या तोंडून निघाले नव्हते. मला त्याचा चेहराही आठवत नव्हता.

समालोचक असे का करतात, याचे उत्तर काही गूढ नाही. त्यांना नेमतो क्लब, किंवा क्लबच्या संमतीने वाहिनी. हंगामात १६२ सामने असतात आणि एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज तोच आवाज घरात असतो. घरच्या माणसासारखा होऊन बसतो. घरच्या माणसाने शेजाऱ्याच्या बाजूने बोललेले कोणाला आवडते? तरीही हे अपरिहार्य आहे असे मला वाटत नाही, कारण विन स्कली होऊन गेले. १९५० ते २०१६ अशी सदुसष्ट वर्षे त्यांनी डॉजर्स संघाचे समालोचन केले, त्यांचा पगारही संघाकडूनच येत असे, आणि तरी त्यांचे ऐकताना आपण कोणाच्या घरात बसलो आहोत असा प्रश्न पडत नसे. ते बराच काळ एकटेच बोलत. मला वाटते, शेजारी मान डोलवणारा जोडीदार नसला की माणूस आपल्याच वाक्याकडे जरा संशयाने पाहतो.

पक्षपाताचा आणखी एक सूक्ष्म प्रकार आहे आणि तो राष्ट्रीय वाहिन्यांवरही चालतो. तो संघाचा नसून कीर्तीचा असतो. सेंट लुईसचा बॉब गिब्सन हा बॅटरना धडकी भरवणारा पिचर म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या दराऱ्याच्या कथा आजही प्रत्येक समालोचकाच्या खिशात असतात. सतरा हंगामांत त्याने १०२ बॅटरना चेंडू मारले. बॉस्टनचा टिम वेकफील्ड हा नकलबॉल टाकणारा पिचर होता. नकलबॉल म्हणजे बोटांच्या टोकांनी ढकललेला, न फिरणारा, ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटरने डुलत येणारा चेंडू. तो कुठे जाईल हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते. गोड स्वभावाचा माणूस म्हणून सारे त्याला ओळखत. त्याचे चेंडू १८६ बॅटरना लागले. हे वाक्य लिहितानाही क्रियापद कसे आपोआप बदलले, ते पाहावे. गिब्सनने ‘मारले’ आणि वेकफील्डचे ‘लागले’. आकडे नेमके उलटे सांगत असताना माझ्या हाताने हे केले.

याचा अर्थ हेतू कधी नसतोच असे नव्हे, आणि जो समालोचक प्रत्येक वेळी ‘निसटला’ म्हणून मोकळा होतो तोही मला प्रामाणिक वाटत नाही. आमच्या मैदानात मिनी मिन्योसोचा पुतळा आहे. क्यूबातून आलेला हा खेळाडू १९५१ मध्ये व्हाइट सॉक्सकडून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. अमेरिकन लीगमध्ये सर्वांत जास्त वेळा चेंडू अंगावर झेलणारा म्हणून त्याचे नाव दहा हंगामांत आले आणि १९५५ मध्ये यांकीजच्या पिचरच्या चेंडूने त्याच्या कवटीला चीर पडली. तो प्लेटला अगदी खेटून उभा राहत असे, हे खरे आहे. त्या काळात गोऱ्या पिचरांच्या मनात काय असे, हेही काही गुपित नाही. नुसते ‘खेटून उभा राहतो’ एवढेच सांगून पुढे जाणे हीसुद्धा बाजू घेण्याचीच एक रीत होती, फक्त ती शांत आवाजात घेतली जात होती.

नियमही या गोंधळात भर घालतो. चेंडू चुकवण्याचा काहीच प्रयत्न बॅटरने केला नाही, असे अंपायरला वाटले तर बेस मिळत नाही. ३१ मे १९६८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सचा पिचर डॉन ड्रायस्डेल सलग पाचवा सामना धाव न देता संपवण्याच्या बेतात होता. नववी इनिंग, तिन्ही बेस भरलेले, एकही बाद नाही, आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या डिक डीट्झला चेंडू लागला. म्हणजे सगळे एकेक बेस पुढे, एक धाव आणि विक्रम खलास. पण अंपायर हॅरी वेंडेलस्टेट यांनी डीट्झने अंग काढलेच नाही असा निर्णय दिला आणि त्याला पुन्हा उभे केले. तो बाद झाला, पाठोपाठ आणखी दोघे, आणि ड्रायस्डेलची मालिका पुढे ५८ इनिंगांच्या वर गेली. अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात माणसाने ‘प्रयत्न केला नाही’ हे कोणी कसे ठरवावे? आज कॅमेऱ्यांनी चेंडू लागला की नाही हे तपासता येते. चुकवायचा होता की नव्हता, हे कॅमेऱ्यालाही विचारत नाहीत.

आता थोडे घरचे. २०१० च्या उन्हाळ्यात माझा मुलगा अकरा वर्षांचा होता आणि उपनगरातल्या मुलांच्या लीगमध्ये खेळत होता. त्या वयात पिचर ४६ फुटांवर उभा असतो. पालकांनी कामे वाटून घेतली होती. कोणी संत्र्याच्या फोडी आणायचे, कोणी मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचे, आणि माझ्याकडे जाळीमागच्या टेबलावर बसून गुण मांडायचे आणि छोट्या मायक्रोफोनवरून खेळाडूंची नावे पुकारायचे काम आले होते. माझ्या उच्चारांची पोरांना गंमत वाटे.

तिसऱ्या इनिंगमध्ये माझ्या मुलाच्या बरगडीवर चेंडू बसला. तो वाकला, गुडघ्यावर टेकला, मग पाय ओढत पहिल्या बेसकडे गेला. समोरच्या बाजूच्या घडीच्या खुर्च्यांमधून कोणीतरी म्हणाले, की हलायला हवे होते त्याने. हे मला नीट ऐकू आले. दातावर दात दाबून मी मायक्रोफोनवर फक्त पुढच्या बॅटरचे नाव घेतले. पाचव्या इनिंगमध्ये आमच्या पिचरचा चेंडू त्यांच्या एका मुलाच्या मांडीला लागला आणि तो मोठ्याने रडू लागला. मी मायक्रोफोन उचलला आणि, मला कोणी काही विचारले नसताना, म्हणालो, ‘चेंडू हातातून निसटला.’ गुण मांडणाऱ्याने असे काही सांगायचे नसते. माझा आवाज त्या मैदानावर, गाड्यांच्या तळावर, पलीकडच्या झोक्यांपर्यंत गेला.

परतताना गाडीत मुलगा बर्फाची पिशवी बरगडीला लावून मागे बसला होता. तो म्हणाला, ‘बाबा, माझ्या वेळी तू निसटला असं नाही म्हणालास.’ मी म्हणालो, अरे, तुझ्या वेळचा चेंडू वेगळा होता. तेव्हा शेजारी बसलेल्या बायकोने सांगितले, की ज्या मुलाने तो टाकला होता तो पूर्ण इनिंगभर बाहीला डोळे पुसत होता, तुला दिसलं नाही का? मला दिसले नव्हते. मी त्याच्यापासून पन्नास-साठ फुटांवर, सगळ्यांत चांगल्या जागी बसलो होतो.

घरी आल्यावर त्याचा सदरा वर केला. बेसबॉलच्या चेंडूवर लाल दोऱ्याचे १०८ टाके असतात हे मी कित्येकदा वाचले होते. त्यातले आठ-दहा टाके माझ्या मुलाच्या बरगडीवर उमटले होते, दोन वाकड्या ओळींत, एखाद्याने बारीक सुईने टाचून ठेवल्यासारखे, आणि भोवती निळसर पडत चाललेले वर्तुळ. आईने मागच्या खेपेला भारतातून आणलेली आंबेहळद फडताळात होती. बायकोने ती सहाणेवर उगाळून, कोमट करून लावली. पिवळ्या लेपाखाली टाके दिसेनासे झाले, पण सकाळी लेप धुतल्यावर ते पुन्हा होते तिथेच होते. ‘लागला की मारला’ याचे उत्तर त्या खुणेत कुठेही नव्हते.

आमच्याच संघाने एकदा या सगळ्याची उलटी बाजूही दाखवली. १७ मे २०२१ रोजी मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध १५-४ अशी आघाडी असताना आमच्या येर्मिन मर्सेडीसने, एरवी पिचर नसलेल्या एका खेळाडूच्या अगदी संथ चेंडूवर होमरन मारला. एवढ्या आघाडीवर असे करणे समोरच्याचा अपमान समजतात. दुसऱ्या दिवशी ट्विन्सच्या टायलर डफीने मर्सेडीसच्या पाठीमागून चेंडू टाकला, आणि आमचे व्यवस्थापक टोनी लारूसा म्हणाले की ट्विन्सने जे केले त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनविरुद्धच्या सामन्यात आमच्या होझे अब्रेयूला चेंडू लागला, तेव्हा हेच लारूसा तो मुद्दाम मारला म्हणून संतापले. मे महिन्यातला चेंडू मुद्दाम टाकला होता याविषयी कोणाला फारशी शंका नव्हती आणि डफीला निलंबनही झाले. ऑक्टोबरमधल्या चेंडूबद्दल मात्र वाद होता. ज्यांना यातून सिद्धांत काढायचा असेल त्यांनी काढावा. मी हरलो होतो आणि दोन्ही वेळा चिडलो होतो, फक्त वेगवेगळ्या माणसांवर.

पण जी एक रात्र आठवली की माझी तक्रार माझ्याच घशात अडकते ती २३ ऑक्टोबर २००५ ची. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा, दुसरा सामना, आमच्याच मैदानावर, ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजविरुद्ध. १९१७ नंतर व्हाइट सॉक्सने वर्ल्ड सिरीज जिंकली नव्हती. बाहेर थंडी आणि पावसाची भुरभुर होती. घरी आठ-दहा मित्र जमले होते, सगळे मराठी मंडळाच्या ओळखीचे, निम्म्यांना बेसबॉलचे नियम धड ठाऊक नव्हते. आई सहा महिन्यांसाठी आली होती. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत शाल पांघरून, मांडीवर ताट घेऊन लसूण सोलत बसली होती.

सातवी इनिंग, दोन बाद, आम्ही ४-२ असे मागे. जर्मेन डाय बॅटिंगला, तीन बॉल आणि दोन स्ट्राइक. डॅन व्हीलरचा चेंडू आत आला, डायने हात मागे खेचले, आणि अंपायरने पहिल्या बेसकडे बोट दाखवले. आमच्या दिवाणखान्यात एकच गलका झाला. ‘लागला! लागला!’ कोणी टाळ्या पिटल्या, कोणी उशी छताकडे फेकली. बेस भरले होते.

आईने लसणाची पाकळी तशीच हातात धरून वर पाहिले. ‘लागलं का रे त्याला?’ तिने विचारले.

तोवर पडद्यावर पुन्हा दाखवत होते. अगदी हळू, अगदी जवळून. चेंडू डायच्या हाताला लागलाच नव्हता. तो बॅटच्या दांड्यावर आपटून बाजूला गेला होता. नियमाप्रमाणे तो फाउल, म्हणजे हद्दीबाहेर गेलेला चेंडू, डायने तिथेच उभे राहून पुढचा चेंडू खेळायला हवा होता. असे निर्णय कॅमेऱ्यावरून फिरवण्याची सोय तेव्हा नव्हती. अ‍ॅस्ट्रोजच्या दुसऱ्या बेसवर क्रेग बिजिओ उभा होता. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्याने चेंडू अंगावर घेण्याचा आधुनिक काळातला विक्रम मोडला होता आणि पुढे हा आकडा २८५ वर गेला. चेंडू लागल्यावर माणूस कसा चालतो हे त्या मैदानावर त्याच्याइतके कोणाला माहीत असणार? डाय सरळ, हात न चोळता, पहिल्या बेसकडे निघाला होता.

‘नाही गं आई,’ मी हसत म्हणालो, ‘लागलाच नाही.’

‘मग ओरडताय काय एवढं?’

ह्यूस्टनने पिचर बदलला. चॅड क्वॉल्स बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेतून, धावत आला आणि सरावाचे चेंडू टाकू लागला. दोन-तीन मिनिटे गेली. एका मित्राने टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावला, कारण राष्ट्रीय वाहिनीवरचे समालोचक आपल्या विरोधात आहेत असे त्याचे ठाम मत होते. ते फक्त पडद्यावर दिसत होते तेच सांगत होते. मी आईला समजावू लागलो, की त्याला लागला असे अंपायरला वाटले, म्हणून त्याला फुकट पहिली जागा मिळाली, आणि आता आपल्याला मोठी संधी आहे. तिने सगळे नीट ऐकून घेतले.

‘पण तुला दिसलं ना नाही लागलं ते,’ ती म्हणाली, ‘त्यालाही माहीत असेलच की. मग तो तिकडे का चाललाय?’

मी उत्तर देणार होतो. तेवढ्यात आमच्या पॉल कनर्कोने क्वॉल्सचा पहिलाच चेंडू डाव्या मैदानाच्या भिंतीपलीकडे, पावसातल्या प्रेक्षकांत भिरकावून दिला, चार धावा झाल्या, आणि त्या आरडाओरड्यात कोणाचा तरी धक्का लागून आईच्या मांडीवरचे ताट उलटले. सोललेला लसूण गालिचाभर झाला. ती खाली बसून एकेक पाकळी वेचत होती आणि आम्ही तिच्या डोक्यावरून एकमेकांना टाळ्या देत होतो.